टीचर, इधर से देखो

वारज्यात माझ्या घरी संध्याकाळी सहा-सात मुलं मराठी शिकायला येतात. सगळी उर्दू माध्यमाची. मराठी बोलतात फडाफडा, पण लिहायला सांगितलं की पेन्सिलीला टोक काढत बसतात. म्हणून एकदा म्हटलं, आज लिहायचं नाही. चार चौकटी आखा आणि स्वतः पाहिलेली एक गोष्ट चित्रांतून सांगा. एकही शब्द नको.

त्याआधी मी त्यांना शि. द. फडणिसांचं एक गाजलेलं चित्र दाखवलं होतं. 'मोहिनी' मासिकाचं मुखपृष्ठ. एक तरुण आणि एक तरुणी उभे आहेत. त्याच्या शर्टावर मांजरं, तिच्या साडीवर उंदीर. बस, एवढंच. मुलं खो खो हसली. हा विनोद मराठीतला की उर्दूतला, असं कुणी विचारलं नाही. फडणीस मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोज गावचे, जन्म १९२५ चा, पण सगळे त्यांना पुण्याचे म्हणूनच ओळखतात. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातही त्यांची चित्रं होती. शब्दांवाचून बोलणं ही त्यांची खासियत.

मुलं कामाला लागली. एकाने हायवेच्या पुलाजवळचा मजूर अड्डा काढला. मी त्याची वही घेतली आणि डावीकडून बघत गेले. पहिल्या चौकटीत घर, बाप आणि पोरं डबा उघडून बसलेली. दुसरीत बाप हातात डबा घेऊन रस्त्यावर एकटा. तिसरीत माणसांनी भरलेला टेम्पो. चौथीत माणसंच माणसं, प्रत्येकाच्या हातात डबा.

मी अर्थ लावला: जेवण झालं, बाप कामाला निघाला, टेम्पोतून सोबती आले, अड्डा भरला. लाल पेनाने शेरा मारला, 'चित्रे छान. गोष्ट अपूर्ण.'

तो वही घेऊन तिथेच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "टीचर, इधर से देखो ना." त्याचं बोट उजवीकडच्या शेवटच्या चौकटीवर होतं.

मी पुन्हा पाहिलं. सकाळी अड्ड्यावर गर्दी. टेम्पो आला, बाकीचे चढले. अब्बा एकटे उरले. डबा जसाच्या तसा घरी परत आला आणि पोरांनी तो मिळून खाल्ला. पोरांचे हसरे चेहरे मी आधीच पाहिले होते. अब्बांचा हात मात्र मांडीवरच होता. तो आता दिसला.

मला स्वतःचीच लाज वाटली. मी उर्दूही शिकवते. रोज अर्धा दिवस माझे डोळे उजवीकडून डावीकडेच जातात. पण तास मराठीचा, म्हणून चित्रंसुद्धा मराठीच असणार, असं मी धरून चालले होते. जपानी चित्रकथा, ज्यांना मांगा म्हणतात, त्याही उजवीकडून वाचतात. इंग्रजीत छापताना पूर्वी त्यांची पानं आरशातल्यासारखी उलटी करत, मग उजव्या हाताने तलवार चालवणारे योद्धे डावखुरे होऊन जात. मी तर पान उलटवलंही नव्हतं. नुसत्या वाचण्याने एका घराचा उपाशी दिवस भरल्या पोटाचा करून टाकला.

बी.एड.ला शैलीच्या व्याख्या पाठ केल्या होत्या. त्यातली आज एकही आठवत नाही. या मुलाला व्याख्या ठाऊक नाही, पण गोष्ट कुठून सुरू करायची, अब्बांचा हात कुठे ठेवायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती त्याची शैली. ती कच्ची नव्हती. बघणारी कच्ची होती.

तरी मराठीच्या पेपरात चित्रं डावीकडूनच बघायची, हे मला त्याला सांगावंच लागलं. पेपर तपासणारा त्याच्या बोटाकडे बघायला येणार नाही. मात्र सांगताना 'चुकलं' हा शब्द मी तोंडातून जाऊ दिला नाही. लाल शेरा त्याच्यासमोर खोडला.

आता चित्रांची वही हातात आली की मी आधी विचारते, "कुठून बघू?" बाकीची पोरं हसतात. तो हसत नाही. चौकटीवर बोट ठेवतो आणि मी बघायला सुरुवात करेपर्यंत उचलत नाही.