रॉजर कॉनरची शिल्लक

बेसबॉल हा खेळ, ज्यांना क्रिकेट शिकायला सवड मिळाली नाही त्यांनी काढला, असा आपल्याकडे एक समज आहे. असेल बापडा! पण बी.कॉम. झालेल्या माणसाला आकडे दिसले, की खेळ कुठला हे तो विचारत नाही. मुंगी कधी बरणी कुणाच्या घरची म्हणून चौकशी करते का?

तर हे आकडे रॉजर कॉनर नावाच्या गृहस्थांचे. जन्म १८५७, गाव अमेरिकेतलं वॉटरबरी. उंची सव्वासहा फूट. न्यूयॉर्कच्या संघाला 'जायंट्स' हे नाव पडलं त्यात या देहाचाही वाटा होता, असं सांगतात. १८८० ते १८९७ अशी अठरा वर्षं त्यांनी मोठ्या लीगमध्ये काढली. हिट २४६७. त्यांत दोन बेसचे ४४१, तीन बेसचे २३३ आणि होमरन १३८.

आता आमच्या धंद्यातलं बोलतो. सरासरी म्हणजे नुसती व्हाउचरं मोजणं, रक्कम कितीची ते बघायचंच नाही. कॉनर यांची सरासरी ०.३१६. पण 'स्लगिंग' म्हणून दुसरा हिशेब असतो, त्यात एक बेसला एक, होमरनला चार असं मोल धरतात. तशी बेरीज मारा : ३७८८ बेस. सुमारे ७८०० पाळ्यांनी भागा, ०.४८६. हा माणूस चिल्लर जमा करणारा नव्हता, हे एका भागाकारात कळतं.

आणि हे कोणत्या काळात? चेंडू मार खाऊन खाऊन मऊ पडायचा, तरी तोच चालवायचे. कुंपण इतकं लांब, की पुष्कळदा होमरन म्हणजे चारही बेस स्वतः धावून घ्यायचे. शिवाय नियम आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकांसारखे. चेंडू फेकणारा १८९२ पर्यंत पन्नास फुटांवर, १८९३ पासून साठ फूट सहा इंचांवर. १८८७ साली तर बॅट न हलवता मिळालेला बेससुद्धा हिट म्हणून जमा धरला! कचेरीत हा नियम अजून लागू आहे, असा माझा अनुभव आहे.

आता खरी गंमत. गंमत तरी कसली म्हणा. १८९५ साली कॉनर होमरनच्या यादीत सगळ्यांच्या पुढे गेले आणि पुढे पंचवीसेक वर्षं तिथेच राहिले. १९२१ साली बेब रूथनं १३९ वा होमरन मारून त्यांना मागे टाकलं. पण टाळी नाही, हार नाही. कारण असा काही विक्रम आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं! आयुष्यभराची बेरीज कुणी मारूनच ठेवली नव्हती. कॉनर तेव्हा चौसष्ट वर्षांचे, खेळ संपल्यावर गावच्या शाळाखात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. खातेदार हयात, शिल्लक जमा, आणि पासबुक भरून द्यायला खिडकीवर कुणी नाही.

१९३१ साली ते गेले. १९७४ साली हँक ॲरननं रूथचा ७१४ चा आकडा ओलांडला, तेव्हा कुठे लोकांना प्रश्न पडला, की रूथच्या आधी कोण होतं? जुने स्कोअर उपसले. बेरीज आधी १३१ धरत होते, ती १३८ निघाली. सात होमरन सस्पेन्स खात्यात पडून होते! १९७६ साली हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं.

आमची सौ. म्हणते, "मेलेल्या माणसाला व्याज देऊन काय उपयोग?" हिशेबाच्या दृष्टीनं तिचं बरोबर आहे. पण वॉटरबरीच्या लोकांनी २००१ साली वर्गणी काढून त्यांच्या कबरीवर दगड बसवला. सत्तर वर्षं ती कबर बिननावाची होती. उशिरा का होईना, नोंद झाली. मला तरी ती बरोबर वाटते. जमेची रक्कम खऱ्या नावावर लागल्याशिवाय वही बंद करू नये, एवढं तरी आम्ही कारकून जाणतो.