जीपची खडखड, सायलेन्सर आणि पेंढ्याची खेप

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण भात झोडून झालंय, खाचरातून पेंढा काढायचाय आणि तो जीपमधूनच निघणार, त्यामुळे शेतीचीच म्हणा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं मूळ गाव सिडकोच्या ९५ गावांतलं. १९७० नंतर जमीन गेली, गाव सेक्टरांच्या मधे अडकलं. घर खारघरला आणि आता जे काही भात-वाल करतो ते नेरे-मालडुंगेच्या पुढे, माथेरानच्या पायथ्याशी. डांबरी रस्ता संपल्यावर शेवटचा पाऊण किलोमीटर बैलगाडीची वाट आणि मधे चार बांध. तिथे साधी गाडी जात नाही म्हणून ही जुनी डिझेल जीप ठेवलीय. आधीच्या मालकानं हौसेनं पाटे चढवून, मोठे टायर टाकून ती उंच करून घेतली होती. दिसायला झकास. पण सायलेन्सरचा पाईप मात्र कुणीतरी अंदाजपंचे जोडलेला.

गेल्या महिनाभर खडखड वाढली होती. घरातले म्हणाले आवाज बंद कर, शेजारी ओरडतात. माझी काळजी वेगळी होती. मागे पेंढ्याचे भारे भरतो आणि त्यावर कधी कधी दोन माणसं बसतात. खाली पाईप जिथे घासतोय तिथेच एक दिवस फुटणार, आणि गरम धूर थेट पेंढ्याखाली. पेंढ्याच्या गाड्या पेटल्याचं दर हंगामात ऐकतो. बहुतेक वेळा विजेची तार लागते, पण गरम सायलेन्सर हेही कारण आहेच.

तर आधी आवाज ओळखायचा. सगळी खडखड एक नसते. इंजिन आरामात चालू असताना पत्र्यासारखं तडतडतं आणि रेस दिली की थांबतं, तर तो उष्णता अडवणारा पत्रा सैल झालाय. क्लच सोडताना एकदाच धाडकन वाजतं, तर इंजिनखालचे रबर माउंटिंग बसलेत, इंजिन डुलतं आणि सोबत पाईपही. सकाळी थंड असताना टिकटिक आणि तापल्यावर कमी होते, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलंय, लोखंड फुगलं की फट बुजते. आणि थंड सायलेन्सरला तळहातानं थापटल्यावर आत खुळखुळा वाजला तर आतली जाळी-पडदे तुटलेत, तिथे सायलेन्सर बदलण्याशिवाय इलाज नाही. आमची खडखड मात्र फक्त वजन भरल्यावर आणि बांध ओलांडताना यायची. म्हणजे जागेचा प्रश्न. काहीतरी कशाला तरी लागतंय.

नक्की कुठे लागतंय ते गाडी जॅकवर घेऊन कळत नाही. जॅक चेसीला लावला की चाकं खाली लोंबतात आणि सगळीकडे भरपूर जागा दिसते. म्हणून खाचरातली चिकण माती आणली, मळली आणि लिंबाएवढे गोळे करून संशय होता तिथे तिथे चिकटवले. पाईप आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे, पाईप आणि चेसीच्या मधे, सायलेन्सर आणि आडव्या बीमच्या मधे. मग ५० किलोची भाताची आठ पोती भरली आणि मातीच्या बांधावरून गाडी हळू घेतली. परत येऊन पाहिलं. चेसीजवळचे गोळे जसेच्या तसे. अ‍ॅक्सलवरचा दाबून पापडासारखा झालेला. आणि सायलेन्सरच्या पोटाला बांधाची माती चोपडलेली, म्हणजे गाडी उंच करूनही सायलेन्सर चेसीच्या खाली लोंबतोय आणि बांध त्यालाच आधी भेटतो. गाडीची उंची सगळ्यात खालच्या भागापासून मोजायची असते. टायर मोठे केल्याचा फायदा त्या एका लोंबत्या डब्यानं खाल्ला होता.

काम कळंबोलीला करून घेतलं. तिथल्या लोखंड बाजाराच्या आजूबाजूला ट्रकची कामं करणारी भरपूर माणसं आहेत. आम्हाला भेटले ते साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. खाली झोपून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, पायपाला बांधून ठेवलंय. त्याला नाचायला जागा पाहिजे." बरोबर होतं. मागचं रबर तुटल्यावर कुणीतरी बाइंडिंग तारेनं पाईप चेसीला आवळला होता. पाईप इंजिनला जोडलेला, इंजिन हलतं, मागचं टोक हललं नाही की सगळा मार पुढच्या जोडावर. तिथे फ्लँजजवळ केसाएवढी चीर निघाली.

तापल्यावर लोखंड वाढतं तेही हिशोबात घ्यायला लागतं. दर मीटरला, दर १०० अंशांना साधारण १.२ मिलीमीटर. दीड मीटरचा पाईप ३०० अंशांनी तापला तर पाच मिलीमीटरच्या वर लांब होतो. थंड गाडीवर "बोटभर जागा आहे ना" म्हणून खूश होऊ नये. पाईप वाढणार, इंजिन डुलणार, अ‍ॅक्सल वर येणार, तिन्ही धरून जागा ठेवायची. आम्ही वजन भरलेल्या गाडीवर अ‍ॅक्सलपाशी ४० मिलीमीटर ठेवली. डिझेलच्या नळीचं तर कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे पाईप आणि इंधनाची नळी यांच्यात किमान ३५ मिलीमीटर अंतर हवं. धूर खाली किंवा डाव्या बाजूला सोडायचा नाही हेही त्यातच आहे, डावीकडे रस्त्याकडेचे लोक असतात म्हणून.

सायलेन्सर उचलून दोन चेसीच्या मधे बसवला, नवीन ब्रॅकेट, तीन नवीन रबर. अ‍ॅक्सलवरचा बेंड मामांनी नवा केला. पाईपमध्ये कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, तापवून वाकवला. वाळूमुळे पाईप चपटा होत नाही. वाळू ओली असेल तर वाफेनं बूच उडतं, म्हणून ती आधी तव्यावर भाजली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, हे सांगायला लागू नये पण कित्येक जण काढत नाहीत. मी घरी पडलेला पाण्याचा जीआय पाईप वापरू का विचारलं, तर मामांनी हातानेच नको केलं. त्यावरचं जस्त जळून जो धूर निघतो तो वेल्डरला ताप आणतो.

उष्णता अडवणारा पत्रा बरेच जण आवाज करतो म्हणून काढून फेकतात. आमच्यासारख्यांनी तर अजिबात नाही. गरम पाईप आणि पेंढ्याच्या मधे तोच एक आहे. आमच्या पत्र्याचे बोल्ट गंजून गेले होते, मामांनी स्टेनलेसची मोठी होज क्लिप गुंडाळून आवळली. पंधरा मिनिटांचं काम.

गंजाचं म्हणाल तर खाडीची हवा आहेच, पण सायलेन्सर आतूनही गंजतो. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन धुरातून निघतं. घर ते वाशी मार्केट एवढंच फिरलं की सायलेन्सर नीट तापत नाही आणि ते पाणी आतच राहतं. सायलेन्सरच्या पोटाला कंपनीचं बारीक भोक असेल तर ते पाणी निघायला आहे. गळतंय म्हणून ते वेल्ड करू नका.

नवीन गाडीवाल्यांसाठी एक. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी जाळणारा फिल्टर असतो. तो स्वतःला साफ करतो तेव्हा आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. भाच्याची अशीच गाडी आहे. त्याला सांगून ठेवलंय, शेतावर आलास की वाळक्या गवतावर उभी करायची नाही, खळ्यावर लाव.

काल आठ पोती परत भरून, मातीचे गोळे परत लावून तेच चार बांध ओलांडले. अ‍ॅक्सलवरचा गोळा अंगठ्याएवढा जाड उरला. पोट कुठेच टेकलं नाही. तिसऱ्या बांधावर अजून बारीक टकटक येते, ती मागच्या पाट्याच्या बुशची वाटते. ती पेंढा निघाल्यावर बघू. आज सकाळी पहिली खेप घरी आली. भारे भरताना पाईपच्या वर गोणपाट नको, लाकडी फळी टाकली, आणि माणसं पुढे बसवली.