मायच्या नजरेतून सुटत नाही

दूरदर्शनवरच्या जुन्या विनोदी मालिका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांनी जरा आठवून पाहावे. नवरा टेबलाशी चहा पीत बसला आहे. कप अर्धा. बायको काही बोलते, कॅमेरा तिच्याकडे जातो, परत नवऱ्याकडे येतो, तर कप काठोकाठ भरलेला! आपण हसण्याच्या नादात असतो, आपले लक्ष जात नाही. आमच्या मायचे मात्र जाते. "पाय वं, आत्ता तं कप अर्धा होता. भरला कोनं?" असे ती म्हणाली की सारे घर पडद्याकडे डोळे फाडून पाहायचे, पण तोवर चित्र पुढे गेलेले असायचे.

माय शाळेत गेली नाही. कपाशीच्या हंगामात ती कारंज्याच्या एका जिनिंगमध्ये निवडीला जायची. पांढऱ्या कापसातून कवडी, पाला, काडीकचरा वेगळा काढायचा, हेच दिवसभर. पिवळसर बोंड हातातून निसटले की बोलणी खावी लागत. अशी वर्षे काढलेल्या डोळ्यांना साडीचा बदललेला काठ दिसणारच. आमच्या वस्तीत तेव्हा एकच टी.व्ही. होता, तोही कृष्णधवल. उंच बांबूवर अँटेना, आणि वर चढलेला पोरगा ओरडायचा, "आलं का?" रंग कळत नसत, म्हणून माय काठ आणि चौकडी पाहायची. बाई स्वयंपाकघरातून बैठकीत आली की काठ रुंद झालेला! (कारंजा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. वाशिम जिल्हा १९९८ साली झाला.)

अशा चुका का होतात, हे मला पुष्कळ पुढे समजले. मालिका आपल्याला दिसते त्या क्रमाने काढत नाहीत. बैठकीतले सगळे प्रसंग एका दिवशी, स्वयंपाकघरातले दुसऱ्या दिवशी, आणि नंतर तुकडे जोडतात. मधल्या काळात कुणी केस कापून येतो, कुणी घड्याळ घालायचे विसरतो. हे सांभाळायला एक माणूस वेगळा ठेवतात. तो फोटो काढून, टिपणे करून कप कुठे होता, पदर कोणत्या खांद्यावर होता याची नोंद ठेवतो. याला कंटिन्युइटी म्हणतात. अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह लुसी' ही मालिका सुरू झाली. ती समोर प्रेक्षक बसवून एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांनी चित्रित करीत, त्यामुळे जोडकाम कमी लागे आणि हसणारी माणसेही खरी असत. बऱ्याच मालिकांत मात्र हसणे वरून चिकटवलेले असते. मायला ते मुळीच पटत नसे. "घरात तं दोघंच हायेत, मंग हे हासून रायलं कोन?"

'ये जो है जिंदगी' १९८४ साली आली. शफी इनामदार, स्वरूप संपत, राकेश बेदी, आणि सतीश शहा. दर शुक्रवारी रात्री वस्तीतली निम्मी माणसे त्या एका घरात. सतीश शहा प्रत्येक भागात वेगळाच माणूस होऊन येत. शेजारचे एक काका म्हणाले, यांच्याजवळ नटांना द्यायला पैसे नाहीत, ही चूकच आहे. माय म्हणाली, "चूक एखाद्या वेळी होते भाऊ, दर शुक्रवारी थोडीच होते? हे मुद्दाम हाय." मायचेच खरे होते.

त्याच शुक्रवारांनी एकदा मायची मजुरी वाचवली. सन १९८५ चा हंगाम. मंगळवारी हप्ता वाटताना सहा बायांची शनिवारची हजेरी वहीत नव्हती. दिवाणजी म्हणाला, तुम्ही आल्याच नाही. बाकीच्या गप्प बसल्या, कारण वही त्याच्या हातात. माय म्हणाली, "दिवाणजी, शुक्रवारच्या राती टी.व्ही.वर काय झालं ते आमी निवडता निवडता सांगत होतो, तवा तुमीबी उभे राहून हासले. रविवारी जिनिंग बंद. सोमवारी तुमी अकोल्याले गेलते. मंग आमी शनिवारी कुठी होतो?" दिवाणजीने वहीचे पान उलटून पाहिले, पुन्हा उलटले, आणि सहा जणींचे पैसे मोजून दिले. त्या रात्री घरी साखर आली.

पुढे आमच्याकडेही टी.व्ही. आला आणि मायची तपासणी वाढली. १९९४ च्या सुमारास रीमा लागू 'तू तू मैं मैं'मध्ये सासू होत्या आणि 'श्रीमान श्रीमती'मध्ये केशव कुलकर्णीची बायको कोकी. माय चक्रावली. "काल तं हे सासू होती वं, आज तरणी कशी झाली?" खरे तर सासू झालेल्या रीमाबाई १९५८ च्या आणि सून झालेल्या सुप्रिया पिळगांवकर १९६७ च्या, अंतर नऊ वर्षांचे. मालिकेचे दिग्दर्शक सचिन, म्हणजे सुनेचे खरे यजमान. हे सांगितल्यावर माय खूप हसली.

'हम पाँच' १९९५ मध्ये आली. त्यात अशोक सराफ यांची वारलेली पहिली बायको फोटोतून बोलते. ते काम प्रिया तेंडुलकर यांचे. माणूस फोटोतून बोलतो हे मायने बिनतक्रार मान्य केले, पण दोन नंबरची मुलगी राधिका मध्येच दुसऱ्याच चेहऱ्याने आली हे नाही! विद्या बालन आणि अमिता नांगिया अशा दोघींनी ती भूमिका केली आहे. अमेरिकेतही 'बिविच्ड' मालिकेत १९६९ साली नायिकेचा नवराच बदलला, आणि कथेतल्या कुणाला त्याचे काही वाटले नाही. हे ऐकून माय म्हणाली, "नवरा बदलला अन् बाईले समजलं नाही?"

आता नात मोबाईलवर तेच जुने भाग लावते, मागे नेते, थांबवते, आणि आजीने धरलेली चूक दाखवून देते. 'वागळे की दुनिया' १९८८ सालची. २०२१ मध्ये ती नव्याने आली तेव्हा अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर पुन्हा त्याच नवरा-बायकोच्या भूमिकेत, आता आजी-आजोबा होऊन. मायने दोघांना पहिल्याच झटक्यात ओळखले.

तिचा एक आक्षेप मात्र कुठल्याच कंटिन्युइटीवाल्याने टिपलेला मला आढळला नाही. या घरांत सारखा चहा होतो, पाहुणे जेवतात, ताटे भरून येतात. पुढच्या प्रसंगात टेबल स्वच्छ. माय विचारते, "इतके लोक जेवतेत, मंग भांडे कोन घासते?" नातीने तीन-चार मालिका त्यासाठी शोधून पाहिल्या. अजून शोधतेच आहे.