फिरण्याचे माप

प्रत्येक घराचे फिरण्याचे एक माप असते. कुणी किलोमीटर मोजतो, कुणी छायाचित्रे. आमच्या घरात ठिकाणे मोजली जात. रविवारी बाहेर पडल्यावर तीन ठिकाणे पाहून झाल्यावाचून दिवस सार्थकी लागला असे वाटत नसे. वर्धा या हिशेबाला अनुकूलच आहे. सकाळी सेवाग्राम, दुपारी गीताई मंदिर व विश्वशांती स्तूप, सायंकाळी पवनारला धाम नदीचा काठ. सारे शहरापासून दहा-बारा किलोमीटरांच्या आत. मुलगी झाली आणि हे माप एकाएकी निरुपयोगी ठरले.

जुन्या पिढीपुढे हा प्रश्न फारसा नव्हता. बाळंतिणीने सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही आणि त्यानंतरचे जाणेही देवदर्शन व सासर-माहेर एवढेच. परतल्यावर दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला की काळजी मिटली. आमच्या पिढीतील स्त्रीला मात्र बाहेर पडणे ही चैन वाटत नाही. घराबाहेरच्या जगातील आपली जागा राखण्याची ती एक रीत असते. म्हणून बाळाच्या दुखण्याखुपण्याने एखादी सहल रद्द झाली, की ‘आता तू केवळ आई’ असे कुणीतरी बजावते आहे, असा भास होतो. मन खट्टू होते ते त्यामुळे.

तान्ह्या मुलासोबत अंतर मोजावे लागते ते दोन वेळच्या दूध पाजण्यामधील अवधीने. हे माप मुळीच नवे नाही. कोजागिरीला दूध घेऊन रायगडावर गेलेली आणि दरवाजे मिटल्यावर तान्ह्यासाठी कडा उतरून आलेली हिरकणी आपल्या साऱ्यांच्या परिचयाची आहे. तिच्या धैर्याचे कौतुक करताना ती रोज घराबाहेर पडणारी बाई होती, हे आपण विसरतो. एसटीच्या स्थानकांवरील ‘हिरकणी कक्ष’ हे नाव मला यासाठीच समर्पक वाटते. बाहेर पडलेली आई आणि भुकेले बाळ या दोघांनाही त्यात जागा आहे.

मुलगी सात महिन्यांची असताना, ऊन कोवळे असलेल्या पौषात, आम्ही फक्त सेवाग्राम ठरवले. “लेकराला टोपडं घाला, अन् लवकर या,” एवढेच सासूबाई म्हणाल्या. १९३६ मध्ये गांधीजी येथे राहावयास आले तेव्हा गावाचे नाव सेगाव होते, हे मला पाठ होते. पण फलक वाचून पुढे सरकण्याची सवय असल्याने आश्रमात तासभर स्वस्थ बसणे कधी घडले नव्हते. आता मुलीला पाजण्यासाठी झाडाखाली बसावेच लागले. कवेलूंची उतरती छपरे, मातीच्या भिंती, अंगणात हळूहळू सरकणारी सावली दिसू लागली. बापूकुटीतील मोजक्या वस्तू पाहून आलेले यजमान आमच्या पिशवीकडे बघून हसले. दोन तासांसाठी आणलेली दुपटी, लंगोट, झबली आणि खुळखुळा यांचा पसारा त्या कुटीतील सामानाहून मोठा होता! प्रारंभी ते घड्याळ पाहत होते. पुढे मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली आणि पवनारचा विषय निघालाच नाही.

सगळेच रविवार असे गोड नसतात. पुढच्या खेपेस पवनारला पोहोचताच मुलीने रडून आकांत मांडला आणि वीस मिनिटांत आम्ही माघारी वळलो. त्या दिवशी वाईट वाटले. असे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा राग बाळावर किंवा एकमेकांवर निघू नये, एवढेच सांभाळायचे. तेव्हापासून आमचा करार ठरला : एका दिवशी एकच ठिकाण, आणि परत फिरावेसे वाटल्यास कुणी कुणाला कारण विचारायचे नाही.

या करारात मी आणखी एक कलम घातले. महिन्यातील एक रविवार मुलगी वडील व आजीजवळ राहील आणि मी एकटी बाहेर पडेन. सासूबाईंना प्रथम ते विचित्र वाटले; आता त्याच मला वेळेची आठवण करून देतात. बाळासाठी आपले माप लहान करणे मला जड गेले नाही, कारण माझ्यासाठीही एक माप शिल्लक राहिले. आईबापांच्या अपेक्षांना मुरड घालावी लागते हे खरे. मात्र ती मुरड एकट्या आईच्या वाट्याला येऊ नये.