आधी हवा, मग हवाई तिकीट!

दरवर्षी मे महिन्यात पेपरात एक बातमी हमखास येते, ‘मान्सून अंदमानात दाखल!’ मुंबई-पुण्यात घामाने निथळणारे आपण ती वाचून सुस्कारा सोडतो. चला, आता वीसेक दिवसच! गंमत म्हणजे, नेमकं तेव्हाच आपल्यातलंच कुणीतरी गॉगल आणि सनस्क्रीन बॅगेत भरून अंदमानच्या विमानात बसलेलं असतं.

हसू नका. आम्ही चौघांनीही हेच केलं, फक्त महिना वेगळा होता. दिवाळीची सुट्टी, वर जोडून घेतलेली तीन दिवसांची रजा, हॅवलॉकवर (२०१८ पासून स्वराज द्वीप) समुद्राजवळचं हॉटेल. तिसऱ्या दिवशी वारा सुटला आणि बोटी बंद! दोन रात्री व्हरांड्यात बसून पत्ते कुटले. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून श्री विजयपुरम) आमचं विमान आमच्याशिवायच उडालं. नवी तिकिटं जवळपास दुप्पट भावात. बॉसला फोन केला, ‘सर, समुद्र खवळलाय.’ पलीकडून नुसतं ‘हं.’

चूक आमचीच. हॉटेलचे फोटो दहा वेळा पाहिले, हवामान एकदाही नाही.

एक बेट, दोन पावसाळे

आपला पाऊस सप्टेंबरअखेर आवरतं घेतो, अंदमानचा नाही. तिथे मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला नैर्ऋत्य मान्सून पोचतो. तो सरला की ऑक्टोबरपासून ईशान्य मान्सूनची पाळी. शिवाय ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा मोसम. म्हणजे आपल्या दोन हक्काच्या सुट्ट्यांपैकी मेअखेर आणि दिवाळी, दोन्ही गोत्यात!

डिसेंबर तर ऐन सीझन, पण त्याचीही गॅरंटी नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ‘वरदा’ नावाने चेन्नईकडे गेलेल्या वादळाच्या सुरुवातीलाच हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते. त्यांना आणायला नौदलाची जहाजं गेली.

लक्षात घ्या, प्रश्न भिजण्याचा नाही. पावसात भिजायला आपल्याला आवडतंच. प्रश्न बोटीचा आहे. हॅवलॉकला जायला-यायला समुद्रच ओलांडावा लागतो. वारा वाढला की बोट नाही, स्नॉर्केलिंग नाही, आणि पाणी इतकं गढूळ की प्रवाळ दिसतच नाहीत.

मग जायचं कधी?

जानेवारी ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी-मार्च एकदम झकास! समुद्र शांत, पाणी नितळ, पाऊस जवळपास नाहीच. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, पण पाण्याखाली डोकं घालायचं असेल तर काय फरक पडतो? अडचण एकच, याच काळात ऑफिसात इयर एन्डिंग. २६ जानेवारीला जोडून वीकेंड आला असेल तर तो सोडू नका.

आणि पावसाळ्यातच जायचं असेल तर? जरूर जा, पण डोळे उघडे ठेवून. गर्दी कमी, दर उतरलेले, जंगल हिरवंगार. सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायला कुठलाही मोसम चालतो. मात्र जून ते सप्टेंबर पश्चिमेकडचा प्रसिद्ध राधानगर बीच लाटांचा मार खात असतो. पोहायचा मोह आवरा. पूर्वेकडचे किनारे त्या मानाने निवांत असतात.

बुकिंगआधी एवढं कराच

• परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढा. हॅवलॉकहून सकाळची बोट पकडून दुपारचं विमान गाठू, हा हिशोब महागात पडतो.

• शक्यतो तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. थोडे पैसे जास्त जातात, पण झोप लागते.

• निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदाज रोज बघा. बंगालच्या उपसागरात ‘कमी दाबाचा पट्टा’ दिसला की हॉटेलला फोन लावा.

• डिसेंबरमध्ये तिथे पाचच्या सुमारालाच सूर्य मावळतो. बीचचे बेत सकाळी आखा.

आम्ही पुन्हा गेलो, फेब्रुवारीत. त्याच हॉटेलच्या त्याच व्हरांड्यातून समुद्र पाहिला, थाळीत ठेवलेल्या पाण्यासारखा शांत. पत्त्यांचा कॅट बॅगेतून बाहेरही आला नाही. इयर एन्डिंगच्या तोंडावर रजा मागताना धाकधूक झाली होती खरी. पण बॉसला समजावता येतं हो, समुद्राला नाही!