गळक्या माळवदाचं गाणं

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी पुण्यात घरून फोन आला की मी जिन्यात जायचो. कन्नडमध्ये बोलताना रूमवर कुणी ऐकू नये म्हणून. आमची मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून. शाळा मराठी, घर कन्नड. माझ्या सोलापुरी 'करलालो-बोललालो'वर आधीच पोटभर हसून झालं होतं, त्यात आणखी भर नको होती.

एका रात्री रूममेटनं स्पीकरवर रघु दीक्षित लावला. गिटार, ड्रम्स आणि एकदम कन्नड. पद शिशुनाळ शरीफांचं होतं, घराचं माळवद गळतंय असं सांगणारं. आमची अज्जी भजनात तेच पद म्हणायची. "काय म्हणतोय रे हा?" रूममेटनं विचारलं. पुण्यात कन्नडसाठी कुणाला माझी गरज पडली ती पहिलीच वेळ. मी ऐटीत सांगायला लागलो आणि एका ओळीवर अडकलो. मग सगळ्यांसमोर, रूममध्येच, अज्जीला फोन लावला. तिनं काही गूढ सांगितलं नाही. म्हणाली, पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती टाकायची असते, ती टाकली नाही की गळतं. घर म्हणजे आपणच, हे तिनं जाता जाता सांगितलं.

त्यानंतर मी रघुच्या मुलाखतींच्या मागे लागलो. जन्म नाशिकचा, वाढला म्हैसूरला. भरतनाट्यम शिकलेला, मायक्रोबायोलॉजीत सुवर्णपदक. कॉलेजात कुणीतरी नाचण्यावरून चिडवलं म्हणून दोन महिन्यांत गिटार शिकून दाखवायची पैज लावली. नोकरीनिमित्त बेल्जियमला असताना रेडिओवर गाणं वाजलं, मग नोकरी सोडली. पुढे बऱ्याच म्युझिक कंपन्यांनी नकार दिले. शेवटी 2008 साली विशाल-शेखर यांनी त्याचा 'अंतराग्नी' काढला. त्यात हिंदी, कन्नड, इंग्रजी सगळं एकत्र. (त्यातली इंग्रजी गाणी मी आजही पुढे ढकलतो.)

शरीफांची पदं तोवर सी. अश्वथ यांनी घरोघरी पोचवलेली होतीच. 1990 च्या 'संत शिशुनाळ शरीफ' सिनेमाचं संगीत त्यांचंच. अश्वथ गातात तेव्हा आधी शब्द ऐकू येतात. रघुनं शब्दांखाली असा ठेका घातला की कन्नडचं अक्षर न येणारी माझी रूम गाद्यांवर नाचायची. शरीफ 1889 मध्ये वारले. मुसलमान घरातला हा माणूस, गुरू गोविंदभट्ट ब्राह्मण. रघु स्वतःची प्रेमगीतं गातो तेव्हा चांगला गायक वाटतो; शरीफ गातो तेव्हा मोठा. मला तरी त्याची वाढ तिथेच दिसते.

दिवाळीत घरी गेल्यावर अज्जीला हेडफोन लावून ऐकवलं. तिनं अर्ध्यातच काढला. "घर गळताना माणूस असा ओरडतो का?" थोड्या वेळानं म्हणाली, "लाव परत. पेटी कोण वाजवतंय?" पेटी नव्हतीच त्यात.

2018 मध्ये 'मी टू'च्या लाटेत रघुचं नाव आलं. त्यानं जाहीर माफी मागितली, काही तपशिलांबद्दल त्याचं म्हणणं वेगळं होतं. मी प्लेलिस्टमधून त्याला काढून टाकलं. पण कोड लिहिताना तोंडात पद तेच, चालही त्याचीच. अज्जीची चाल आठवून बघितली. दोन ओळींपुढे जाईना.

त्या सुट्टीत तिला गायला बसवलं आणि फोनवर रेकॉर्ड केलं. साडेतीन मिनिटं. मध्ये एसटीचा हॉर्न आहे, आईचं "चहा झाला" आहे, एक कडवं ती विसरली आहे. रघुपेक्षा कितीतरी संथ.

अज्जी आता नाही. माळवद पाडून स्लॅब टाकला त्यालाही चार वर्षं झाली. परवा बाबांचा फोन आला, मी ऑफिसच्या कँटीनमध्ये जेवत होतो. जिना शोधला नाही, तिथेच कन्नडमध्ये बोललो. म्हणाले, पाऊस जोरात आहे, स्वयंपाकघरात कोपऱ्याला बादली ठेवलीय.