हेडर घेताय? आधी जाडी मोजा!

सध्या इंग्लंडात ऑनसाइट आहे. टीममधल्या एका सहकाऱ्याकडे त्याच्या वडिलांची १९७२ची एमजीबी आहे. तिचं ओतीव लोखंडी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकलं, आणि तेव्हापासून लंचमध्ये आमचा एकच विषय... हेडर कुठला घ्यायचा? त्याला पॉवर हवी. माझं म्हणणं, आधी फिटिंग बघ.

कारण या १७९८ सीसी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला. काही स्टडवर तर दोघांना मिळून एकच जाड वॉशर दाबून धरतो. म्हणजे बघा, दोन्ही फ्लँजची जाडी सारखी नसेल तर एक घट्ट बसणार आणि दुसरीतून गॅस फुसफुसणार! सिलिंडर चार, पण एक्झॉस्ट पोर्ट तीनच. मधल्या दोघांत एक. शिवाय पातळ नळ्यांची धग शेजारच्या कार्ब्युरेटरला. आणि मूळ मॅनिफोल्ड मुळातच चांगलं, त्यामुळे साध्या इंजिनात पॉवर वाढून वाढणार किती?

"पण आवाज बाबांच्या वेळचाच राहील ना?" त्याने हळूच विचारलं. हेडरने आवाज बदलतोच. मग ठरलं, आधी जुनंच पण धड मॅनिफोल्ड शोधायचं. नाहीच मिळालं तर हेडर, तोही व्हर्नियरने मोजूनच.

असो. मॉड्यूल कितीही फास्ट असो, इंटरफेस जुळला नाही तर काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको!